हरवण्याआधीचा फोटो

मेश्रामबाई फोटो काढताना कधी कुणाला ‘हसा’ म्हणाल्या नाहीत. केस सारखे करा, पोट आत घ्या, जरा जवळ सरका, यातलं काहीच नाही. आपण समोर उभं राहायचं आणि त्या पायापासून डोक्यापर्यंत असं बघायच्या, की शिंप्याकडे माप द्यायला आल्यासारखं वाटे. मग बटण दाबत आणि म्हणत, “झालं जी. आता हरवा बिनधास्त.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या इंदूरच्या ऑफिसच्या पिकनिकला. त्या नुकत्याच बदलून आमच्या सेक्शनला आल्या होत्या, माझ्या समोरच्या टेबलावर. पाताळपाणीच्या धबधब्याला जायचं म्हणून सकाळी बस येऊन उभी राहिली, पोह्यांची पुडकी वाटून झाली, आणि ही नवी बाई छोटा कॅमेरा घेऊन बसच्या दारात उभी. एकेकाचा फोटो काढल्याशिवाय कुणाला आत सोडेना. आमचे साहेब रुबाबदार गृहस्थ. त्यांनी कॉलर ओढून सरळ करायला घेतली, तर बाई म्हणाल्या, “रेने दो सर. गुमोगे तब कॉलर थोडी ठीक रेगी.”

आमच्या ऑफिसात साहेबांशी असं कुणी बोलत नसे. साहेब कॉलर तशीच सोडून मुकाट बसमध्ये चढले. मला ही बाई तिथल्या तिथे आवडली. त्या दिवशी कुणीही हरवलं नाही, हेही सांगून टाकतो.

त्यामागची गोष्ट पुढे डबा खाताना कळली. बाईंच्या डब्यात तिखट असायचं, माझ्या डब्यात गोडं वरण, आणि आमची अदलाबदल ठरलेली. मी घाम पुसत जेवायचो आणि त्या बोलायच्या. माहेर महूचं. आजोबा फौजेत, वडीलही फौजेत. वडील सदा कुठल्या तरी सरहद्दीवर. घरी आई, मोठी प्रमिला, म्हणजे आमच्या बाई, आणि तिच्या पाठीमागून बऱ्याच वर्षांनी झालेली दोघं, राजू आणि बेबी. बेबीचं खरं नाव वंदना, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यात होतं.

महूहून इंदूरच्या मेळ्याला जायचं म्हणजे त्या पोरांना वर्षाचा सण. एक वर्ष आईचं दुखणं निघालं आणि पोरांना न्यायचं काम पंधरा वर्षांच्या प्रमिलेवर आलं. आई बोलायला कडक. म्हणाली, “दोघांना नेतेस, दोघांना आण. एकच आणायचं असेल तर तूही येऊ नको.”

आता आईचं हे बोलणं काही हवेतलं नव्हतं. आदल्याच वर्षी शेजारची एक मुलगी मेळ्यात चुकली होती आणि तिच्या आईला फ्रॉकचा रंगच सांगता येईना. बिचारी नुसतं ‘फ्रॉक, फ्रॉक’ करत रडत राहिली. ते प्रमिलेच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वडिलांनी सुट्टीवर येताना एक कॅमेरा आणला होता, तो तिने पिशवीत घातला आणि मेळ्याच्या दरवाज्यात दोघांना उभं करून फोटो काढला. पोर हरवलं तर फोटो दाखवता येईल, असा हिशेब.

आणि राजू हरवलाच! मोटरसायकलवाला जिथे विहिरीच्या भिंतीवरून गरगर फिरतो, तिथून तो सटकला. प्रमिला बेबीला कडेवर मारून पोलिसांच्या तंबूत. निळा शर्ट, वरून दुसरं बटण पांढरं, बाकीची काळी. डाव्या सँडलचा पट्टा सुटलेला. उजव्या गुडघ्यावर खपली, ती अर्धी निघालेली. हवालदार बघतच राहिला. “इतना कैसे याद हे बेटा?”

“अभी फोटो खींचा ना.”

“तो दिखा.”

“वो तो आठ दिन बाद आएगा,” ती म्हणाली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की रोल धुऊन यायला आठ दिवस लागतात.

हवालदार पोट धरून हसला म्हणे. पण त्या वर्णनावर राजू गोळेवाल्याच्या गाडीपाशी सापडला, तोंड लाल करून बसलेला.

मी ही गोष्ट ऐकली तेव्हा बाईंची चांगलीच फिरकी घेतली. “अहो बाई, आठ दिवसांनी फोटो येईपर्यंत पोराला त्या गोळेवाल्याने गाडीवर कामाला लावलं असतं.”

बाई शांतपणे माझ्या वरणात भाकरी बुडवत म्हणाल्या, “फोटो तर नंतर येते कुलकर्णीजी. पण काढायच्या टायमाला बघावं तर लागते ना नीट. आपण कुठं बघतो नाहीतर कुणाकडे?”

 मी त्यांची चटणी संपवली.

त्या वर्षापासून रीत पडली. दर थंडीत मेळा, दरवाज्यात दोघांचा फोटो, मग आत. राजूला मिसरूड फुटलं, बेबीच्या वेण्या गेल्या, दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, आणि तरी मेळ्याच्या एका दिवशी ही दोघं आपापली बिऱ्हाडं घरी सोडून ताईबरोबर येत आणि दरवाज्यात शहाण्या मुलांसारखी उभी राहत. राजू इंदूरबाहेर सिमरोलला कॉलेजच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरीला, हाताखाली माणसं असलेला. बेबी शहरात मल्हारगंजात दिलेली, तिच्या यजमानांचा छापखाना. ती स्वतः शाळेत शिकवणारी, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी. पण मेळ्यात ताई म्हणाली ‘उभे राहा’ की उभे.

आत गेल्यावर बाईंचं खरं काम सुरू व्हायचं. दिवसभर त्या दोघांच्या मागे चार पावलं राहून त्यांचे मौजेचे फोटो काढत. तिथे तर त्यांचा नियम आणखी कडक, हाक मारायची नाही. “हाक मारली की मजा बंद, फोटो सुरू,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्याकडच्या फोटोंत कुणीही तुमच्याकडे बघत नाही. पाळणा वरून खाली येताना आ वासलेला राजू. जीभ दाताखाली धरून बांगडी चढवणारी बेबी. फुग्यावर नेम धरलेला राजू आणि त्याच्या कोपराला हळूच धक्का देणारी बेबी. चाळिशीतली दोन माणसं, एका कागदात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाताना शेवटच्या फोडीवर दोघांच्या काड्या. मी लग्नामुंजींतले फोटो पुष्कळ पाहिलेत, सगळी माणसं तोफेच्या तोंडी दिल्यासारखी उभी असतात. बाईंच्या फोटोतली माणसं जिवंत असत.

स्वतः बाई मात्र कुठल्याच फोटोत नाहीत. चुकून कुणी काढलाच तर त्यांचे डोळे मिटलेले. कॅमेऱ्याच्या त्या बाजूला उभं राहायची सवयच नव्हती.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघंही राजेंद्र नगरात, मी पुढच्या गल्लीत, त्या मागच्या. सकाळी दूध आणताना भेट व्हायची. बाईंचे यजमान मेश्रामजी अबोल माणूस, क्रिकेट लावून बसत आणि दोन्हीकडच्या विकेटला सारखीच मान हलवत. त्या सुमारास बाईंच्या घरात एक दुःख शिरलं. राजू आणि बेबीचा अबोला.

निमित्त आईचं. आई राजूकडे सिमरोलला. राजूने घर बांधलं, त्याच्या पूजेला, म्हणजे त्यांच्याकडे बुद्धवंदना घेतात त्या कार्यक्रमाला, बेबी गेली आणि राजूच्या सासरच्या सगळ्यांदेखत म्हणाली, “आई किती वाळून गेली!” राजू म्हणाला, “मग घेऊन जा.” बेबी पडली शिक्षिका, ती दुसऱ्या दिवशी रिक्षा घेऊन हजर. म्हातारी मल्हारगंजात आठवडाभरात कंटाळली. तिथे गल्ली अशी, की दोन घरांच्या मधून ऊन खाली उतरेपर्यंत दुपार होते. ती म्हणाली, मला माझ्या ओट्यावर सोडा. परत गेली. म्हातारी खुशाल ओट्यावर ऊन खात बसली आणि ही दोघं मात्र एकमेकांशी बोलायची बंद झाली.

बाईंनी मध्ये पडून काही केलं असेल असं वाटेल, पण नाही. त्यांनी कुणाची समजूत घातली नाही. “मी बोलली तर दोघं माझ्याशी भांडतील. मग आपसात काय भांडतील? भांडल्याशिवाय बोलतील कसे?” मात्र ती गोष्ट त्यांना आतून खात होती. दुधाची पिशवी हातात धरून त्या एकदा रस्त्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, “आईने सांगितलं होतं जी, दोघांना आण. आणून तर राहिली मी. पण अशी?”

त्या थंडीत दोघंही मेळ्याला आले. ताईला नाही म्हणायची कुणाचीच छाती नव्हती. पण दरवाज्यात उभे राहिले ते मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. बाईंनी ती जागा तशीच फोटोत घेतली. जवळ या म्हणाल्या नाहीत. दिवसभर दोघांनी एकमेकांशी बोलायचं ते ताईमार्फत. एकाच टेबलावर बसून, “ताई, तिला म्हणावं चटणी सरकव.” “ताई, त्याला म्हणावं हात आहेत.”

पुढच्या वर्षी बाई मला म्हणाल्या, “कुलकर्णीजी, तुम्ही चला. चौथं माणूस असलं की जरा बरं पडते.” मी गर्दीचा जन्मजात वैरी. मला मेळ्यात धूळ, ढकलाढकली आणि पिपाण्या याखेरीज काही दिसत नाही. पण बायको म्हणाली, “जा, घरी बसून माझ्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा बरं,” आणि मी गेलो.

दरवाज्यात पुन्हा तेच. इकडे राजू, तिकडे बेबी, मध्ये जागा. मला कसंतरीच झालं. आपण पाहुणे माणूस, जरा वातावरण हलकं करावं म्हणून मी टोपी सारखी करत त्या जागेत जाऊन उभा राहिलो. बाईंनी मोबाईल खाली केला.

“तुम्ही बाजूला व्हा जी.”

“अहो, चांगलं दिसतंय की.”

“ती जागा त्यांची आहे,” बाई म्हणाल्या. “भरतील तर तेच भरतील.”

मी निमूट बाजूला झालो. माझा फोटो त्यांनी वेगळा काढला, आणि टोपी सारखी केली म्हणून नापसंतीने मान हलवली.

त्या मेळ्यानंतर उन्हाळ्यात मी मुलीकडे नाशिकला राहायला आलो. इंदूर सुटलं. बाईंचे फोन येतात, प्रकृती उत्तम आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या त्याच संध्याकाळच्या, म्हणून ती सांगतो.

दिवसभर फिरून आम्ही गराडूच्या गाडीपाशी टेकलो होतो. राजू विहिरीतली मोटरसायकल बघायला गेलेला, बेबी बांगड्यांच्या रांगेत. बाई म्हणाल्या, “मी जरा पाहून येते बेबी काय करून राहिली,” आणि गेल्या. बेबी आली. राजू आला. बाई काही आल्या नाहीत. फोन लावला तर बंद. दिवसभर फोटो काढून बॅटरी संपलेली. आम्ही थोडा वेळ थांबलो. मग राजू बांगड्यांच्या रांगेत जाऊन आला, बेबी पाळण्यांकडे जाऊन आली. दोघंही माझ्याशीच बोलत होते. “कुलकर्णी काका, ताईला शुगर आहे,” बेबी म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.  बाईंनी सकाळपासून आम्हालाच खाऊ घातलं होतं. स्वतः काय खाल्लं कुणाला ठाऊक.

हरवल्या-सापडल्याचा तंबू दरवाज्याजवळ होता. आत एक तरुण माईक घेऊन बसलेला, घसा बसलेला, पण उत्साह शाबूत.

“नाम बोलो भिया.”

“प्रमिला मेश्राम,” दोघं एकदम म्हणाले.

“कपड़े क्या पेन रखे हें?”

“हरी साडी,” राजू म्हणाला.

“जामुनी,” बेबी म्हणाली.

 माईकवाल्याने माझ्याकडे बघितलं. “अंकल, आप बताओ नी.”  अख्खा दिवस त्या बाईबरोबर काढून मला साडी नेसली होती एवढंच आठवत होतं.

“फोटो तो होगा?”

राजूने मोबाईल उचकला. चारशे फोटो वर्कशॉपचे, पोरांचे, गाडीचे. शेवटी एका लग्नातली ताई सापडली. डोळे मिटलेली.

“इसमें तो आंखें बंद हें भिया. ऐसे कौन पेचानेगा?”

आणि मग बेबीचा बांध फुटला. “हिरवी? हिरवी तिने मागच्या वर्षी नेसली होती! डोळे आहेत का तुला?”

मी दचकलो. ती त्याच्याशी बोलत होती. थेट.

राजूही दचकला असावा, पण तो भडकला होता. “तू तर आल्यापासून बांगड्यांत घुसलेली! तुला काय दिसलं?”

“आणि तुला? आल्यापासून मोबाईल! ताईच्या शुगरचं तरी माहीत आहे का तुला?”

“कुणी सांगितलं मला? मला काही नाही सांगत कोणी!”

“तू विचारलं कधी?”

“तू कधी आली घरी? आई रोज दारात बसून रिक्षा मोजते. दिवाळीला बोलावलं होतं तुला!”

“ताईने बोलावलं. तू नाही बोलावलं!”

“भिया, बेन जी, कलर एक बोल दो नी,” माईकवाला काकुळतीला आला. पण त्याला आता कोण विचारतं? त्याच वेळी माझ्या कानावर एक चमत्कारिक गोष्ट आली. तंबूबाहेर, पाळण्यांच्या पलीकडून, बेबीचाच आवाज उलटून येत होता. ‘तू नाही बोलावलं, लावलं, लावलं.’ माईक चालू होता. मेश्रामबाईंच्या माहेरचं भांडण सगळा मेळा ऐकत होता.

मी माईकवाल्याला खूण करणार होतो. मग वाटलं, हे ऐकून बाई असतील तिथून धावत येतील, आयती दवंडी. मी तंबूच्या तोंडाशी उभा राहून गर्दीत बघू लागलो. आत जुनं काय काय निघत होतं. बाई येईनात.  एवढा गलबला ऐकूनही येत नाही म्हणजे कुठे चक्कर येऊन तर पडली नाही? गर्दीचा वैरी असलेला मी, लोकांच्या कोपरांतून वाट काढत निघालो.

तीन गराडूच्या गाड्या लागल्या, तिन्ही हुबेहूब सारख्या. तिसऱ्या गाडीशेजारी एक बांबू, बांबूवर भोंगा, आणि भोंग्याखाली मेश्रामबाई.

धडधाकट उभ्या होत्या. हातात शिकंजीचा ग्लास अर्धा प्यायलेला. साडी निळी. मान वर करून त्या भोंग्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत पाहिलं नव्हतं. आजूबाजूला लोक ऐकून हसत होते, एक बाई शेजारणीला मराठीचा अर्थ समजावून सांगत होती. बाईंना त्यातलं काही दिसत नव्हतं.

“अहो बाई! इथे काय उभ्या राहिलात? तिकडे दोघं शोधतायत तुम्हाला. चला आधी!”

त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता, शिकंजीच्या ग्लासाने.

“थांबा जी. गराडूची गाडी चुकली माझी, येऊनच राहिली होती. मग यांचा आवाज ऐकला.” त्या हळू आवाजात बोलत होत्या, जणू आपला आवाज वर भोंग्यात ऐकू जाईल. “आता गेली तर गप बसतील दोघं.”

“पण काळजी करतायत ते.”

“करू द्या. एकत्र करून राहिले ना?”

वर भोंग्यात आवाज बदलला होता. भांडण ओसरलं होतं. बेबी रडत होती, आणि ते सगळ्या मैदानाला कळत होतं. “तिला काही झालं तर रे?”

 मग राजू. “रडू नको ना बेबे. चल, दोघं मिळून बघू. सापडेल ताई.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या. “सापडते रे, सापडते,” त्या भोंग्याकडे बघून म्हणाल्या. पण जागच्या हलल्या नाहीत.